घरचे लग्न, पण राबायचे कोणी?

साधे लग्न करा, असे आपण चळवळीतले लोक किती वर्षे सांगत आलो आहोत. भाषणाला टाळ्या पडतात आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकीच कोणाच्या तरी घरी पुढच्या महिन्यात शादीखाना बुक होतो. हा सगळा दांभिकपणा आहे असे मला वाटत नाही. आपण लोकांना नकाराची यादी दिली. जहेज नको, जोडे की रकम नको, बँड नको, साचक-हळदीच्या वेगळ्या दावती नकोत. त्या जागी काय करायचे, हे मात्र सांगितले नाही. रजिस्ट्रारच्या कचेरीत दहा मिनिटांत सह्या होतात, चहा होतो, आणि मुलीची आई घरी परत येताना रिक्षात म्हणते, "बस, इत्तेमेंच हो गया?" या बाईला मागासलेली ठरवून मोकळे होणे सोपे आहे. तिने वीस-बावीस वर्षे मुलीच्या लग्नाचे चित्र मनात धरलेले असते आणि आपण तिच्या हातात पावती ठेवलेली असते.

म्हणून या वेळी थोडे व्यावहारिक लिहिते आहे. कमी पैशांत, घरच्या घरी, आपल्या विचारांशी प्रामाणिक राहून आणि तरीही लग्नासारखे वाटेल असे लग्न कसे उभे करता येते, त्याबद्दल. गेल्या काही वर्षांत अशा बऱ्याच लग्नांत मी साक्षीदार म्हणून सही केली आहे, काहींत वाढपी म्हणून उभी राहिले आहे. शेवटी एका प्रश्नावर मात्र भांडणार आहे, तो शीर्षकात आहेच.

आधी कमीत कमी काय लागते ते पाहू. निकाहसाठी इजाब-कबूल, दोन साक्षीदार आणि मेहर, एवढेच लागते. काझीसाहेब असावेत असा रिवाज आहे, पण त्यांच्यावाचून निकाह अडत नाही. हॉल, स्टेज, सोफा, दुल्हाभाईचा घोडा, यांतले काहीही शरियतमध्ये नाही, हे मौलवीही मान्य करतात. विशेष विवाह कायदा 1954 खाली लग्न करायचे तर नोटीस, तीस दिवसांची मुदत, तीन साक्षीदार आणि दोघांच्या तोंडचे एक वाक्य लागते. दोघांपैकी एकाचे तरी त्या जिल्ह्यात आधीचे तीस दिवस वास्तव्य हवे. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर नोटीस बाद होते, म्हणून तारीख ठरवताना या दोन्ही टोकांच्या मध्ये बसवायची आणि हरकतीची मुदत संपेपर्यंत पत्रिका छापायची नाही.

या कायद्याच्या कलम 12 मध्ये एक गोष्ट आहे, जी आपल्या कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. लग्न कुठल्याही पद्धतीने लावता येते, दोघांना आवडेल त्या. अट एकच, की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे सांगितले पाहिजे, आणि तेही दोघांना समजेल अशा भाषेत. मराठीत सांगा, दखनीत सांगा, कायद्याची हरकत नाही. शिवाय जादा फी भरली तर अधिकारी कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरच्या जागी येऊन लग्न लावू शकतो. म्हणजे आपल्या अंगणातसुद्धा. आणि साक्षीदार तिघेही बायका असल्या तरी चालतात, त्यांची साक्ष अर्धी धरली जात नाही. गेल्या वर्षी एका लग्नात नवरीने आजी, खाला आणि कॉलेजच्या मॅडम अशा तिघींना सहीला उभे केले. आजीने सही शिकून घेतली होती, त्यासाठी तिने महिनाभर पाटी गिरवली. एवढा खर्च केला पाहिजेच.

दोन मुस्लिमांनी हा कायदा निवडला तर वारसाहक्कही बदलतो. मग भारतीय वारसा कायदा 1925 लागू होतो, मुलगी आणि मुलगा यांचा वाटा सारखा होतो. केरळमधले वकील आणि अभिनेते सी. शुक्कूर यांनी आणि त्यांच्या पत्नी शीना यांनी 8 मार्च 2023 रोजी, निकाहला कितीतरी वर्षे उलटून गेल्यावर, याच कारणासाठी या कायद्याखाली पुन्हा नोंदणी केली होती. त्यांना तीन मुलीच आहेत. आधी निकाह झालेल्यांना ही वाट कलम 15 ने खुली ठेवली आहे, दोघांचेही वय 21 पूर्ण हवे. ज्यांना लग्नात हजार रुपयांची रोषणाई वाचवायची आहे त्यांनी ही लाखमोलाची गोष्ट आधी पाहावी.

आता पैशांकडे येते. इंटरनेटवर घरगुती लग्नाच्या युक्त्या शोधल्या की कागदी फुले, काचेच्या बरण्यांत मेणबत्त्या, जुन्या खोक्यांवर रंगरंगोटी असले खूप दिसते. छान दिसते. पण सजावट हा आपल्याकडच्या लग्नाचा लहान खर्च आहे. मोठे खर्च चारच: माणसे, सोने, हॉल आणि मानपान. आठशे लोकांना बोलावून कागदी फुले लावणाऱ्याने काहीच वाचवलेले नसते. उलट पोरांची बोटे तेवढी कात्रीने सोलवटलेली असतात. घरी काही करायचे असेल तर पहिली वस्तू घरी बनवायची ती म्हणजे पाहुण्यांची यादी. ती नवरा-नवरीने बनवायची, अब्बांनी आणि मामूंनी नाही. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायची, 'हा माणूस आला नाही तर मला चुकल्यासारखे वाटेल का' एवढाच प्रश्न विचारायचा, मग दोन्ही कागद जोडायचे. माझ्या पाहण्यात अशी यादी दीडशे-पावणेदोनशेच्या वर सहसा जात नाही. त्यानंतर मोठ्यांना प्रत्येकी दहा नावे जोडू द्यायची. दहाच, आणि उधारी नाही.

माझ्या भाचीचे लग्न साताऱ्यात अशा यादीवर झाले. 160 माणसे. सकाळी नोंदणी, संध्याकाळी घरामागच्या अंगणात कार्यक्रम आणि जेवण. मांडववाल्याकडून फक्त वरचे कापड, बांबू आणि दिव्यांची एक माळ घेतली. खुर्च्या वयस्कर लोकांपुरत्या, चाळीस. बाकी सगळे सतरंजीवर. सतरंज्या शेजारच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या होत्या, त्यांनी पैसे घेतले नाहीत, जेवायला मात्र सगळे आले. एकूण खर्च 80 हजारांच्या आत राहिला. त्याच महिन्यात त्याच गावात नुसत्या हॉलला याहून जास्त मोजणारी लग्ने झाली.

जेवणाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण घरच्या लग्नाची इज्जत जेवणावर ठरते आणि घाबरतात लोक त्यालाच. एक किलो तांदूळ आणि एक किलो मटण या मापाने पुलाव केला तर आठ ते दहा माणसे पोटभर जेवतात. 160 माणसांना सोळा किलो धरा, दोन किलो जादा ठेवा. ते दोन देगांत बसते. भटारी एक, त्याच्या हाताखाली एक. भटाऱ्याला पूर्ण मजुरी द्यायची आणि हातात द्यायची. पुलावासोबत दालचा. आम्ही दालचा मटणाशिवाय केला, चण्याची आणि तुरीची डाळ, दुधी, चिंच, वरून कढीपत्त्याची फोडणी. त्यामुळे मुलाच्या ऑफिसातले शाकाहारी मित्र, भजनी मंडळ, सगळे त्याच एका पातेल्यातले खाऊ शकले. त्यांच्यासाठी वेगळा साधा भात आणि भरली वांगी होती. शाकाहारी पाहुण्यांसाठी कोपऱ्यात वेगळा मांडव नव्हता, पंगत एकच होती. भांडी आणि वाढपी वेगळे ठेवले, एवढी काळजी पुरली. पळसाच्या पत्रावळी मागवल्या. दुसऱ्या दिवशी अंगणात प्लॅस्टिकचा एक पेलाही वेचायला लागला नाही.

गोड पदार्थ मात्र कोणीही विकत आणला नाही. यादीतल्या बारा घरांना सांगितले, आहेर नको, तुमच्या घरचे एक गोड घेऊन या. गुलगुले आले, खोबऱ्याच्या वड्या आल्या, एका सासुरवाडीने करंज्या आणल्या, कोणी नुसते खजूर आणले. एका मौलवीसाहेबांनी नाक मुरडले, मेहमानांकडून खाना मागवणे म्हणजे काय! त्यांना माझ्या भावाने नम्रपणे आठवण करून दिली, की खैबरहून परतताना हजरत सफिया यांच्याशी निकाह झाला तेव्हा पैगंबरसाहेबांनी वलीमा असाच केला होता. ज्याच्याकडे जे असेल ते आणा म्हणाले, चामड्याचे दस्तरखान अंथरले, कोणी खजूर आणले, कोणी तूप आणले, ते सगळे एकत्र कालवून लोकांनी खाल्ले. हदीसमध्ये आहे. मौलवीसाहेब हसले आणि त्यांनी तीन गुलगुले घेतले. एक सावधगिरी सांगते: घरोघरचे आणणे गोड आणि सुक्या पदार्थांपुरतेच ठेवा. मटण, दही, खीर असले पदार्थ वेगवेगळ्या घरांतून उन्हाळ्यात आणवू नका. दीडशे लोकांत पोटे बिघडली तर साध्या लग्नाचा प्रचार पुढची दहा वर्षे थांबेल.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. पत्रिका एका पानाची, नवरीच्या धाकट्या भावाने हाताने लिहिली, मराठी एका बाजूला, उर्दू दुसऱ्या बाजूला. तिचाच फोटो काढून बहुतेकांना मोबाइलवर पाठवला, आणि वयस्करांसाठी पन्नास झेरॉक्स. पत्रिकेत दोन्ही आयांची नावे आधी होती. सजावटीला घरातल्या ओढण्या आणि दादीच्या दोन जुन्या इरकली साड्या लावल्या, झेंडू आणि शेवंती सकाळी मंडईतून वजनावर आणली. फुले माळेच्या रूपात घेतली तर तिप्पट मोजावे लागतात, सुटी घेतली आणि दोन सुया-दोरे वाटले तर गप्पांत माळा होतात. नवरीने आईच्या लग्नाचा शरारा बाह्या बदलून घातला. नवऱ्याने शेरवानी भाड्याने आणली. मी त्याला म्हटले होते, नुसता कुडता घाल, पण त्याची हौस होती आणि हौसेला थोडी जागा असावी. मेहंदी वाळलेल्या पानांची, घरी कुटून वस्त्रगाळ केलेली, लिंबाच्या रसात आणि साखरेत रात्रभर भिजवलेली. बाजारातली 'काळी मेहंदी' मात्र कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. त्यात केस रंगवायचे रसायन मिसळलेले असते आणि त्याने हातावर फोड उठलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. डीजे नव्हता. दोन ढोलक होते आणि आमच्या फुफीला जितकी दखनी गाणी पाठ आहेत तितकी कुठल्या डीजेच्या पेनड्राइव्हवर नसतील.

कार्यक्रमात करायचे काय, हा प्रश्न साध्या लग्नात खरा अडतो. सह्या सकाळीच झालेल्या, मग संध्याकाळी लोकांनी बघायचे काय? याबाबतीत महाराष्ट्राकडे जुनी शिदोरी आहे. सत्यशोधक समाजाच्या पद्धतीचे पहिले लग्न 25 डिसेंबर 1873 रोजी लागले, भटजीशिवाय. जोतीरावांनी त्या विधीत वधू-वरांना स्वतः बोलायला लावले होते. विधी काढून टाकून त्यांनी जागा रिकामी सोडली नाही, तिथे दोघांचे बोलणे आणले. आपण तेच करू शकतो. भाचीच्या लग्नात दोघांनी सकाळी अधिकाऱ्यासमोर म्हटलेले वाक्य संध्याकाळी सगळ्यांसमोर पुन्हा म्हटले. मग प्रत्येकाने पाच-पाच गोष्टी वाचल्या, आपापल्या लिहिलेल्या. ती म्हणाली, माझी नोकरी कुठे असेल यावर घर कुठे असेल ते ठरेल, निदान पुढची पाच वर्षे. तो म्हणाला, माझ्या आईची औषधे आणणे हे माझे काम आहे, सुनेचे नाही. टाळ्या दुसऱ्या वाक्याला जास्त पडल्या, आणि त्या बायकांकडून. नंतर एका मुलीने संविधानाची उद्देशिका वाचली. हल्ली पुरोगामी लग्नांत हा रिवाज पडत चालला आहे. मला तो आवडतो, फक्त तो फोटोपुरता होऊ नये.

मेहरही दिली. नोंदणी विवाहाच्या कायद्याला तिची गरज नाही, पण मुलीच्या दादीला होती. रक्कम तिच्या नावाने बँकेत मुदत ठेव म्हणून टाकली आणि पावती सगळ्यांसमोर तिच्या हातात दिली. मेहर कागदावर लाखाची लिहायची आणि मरताना माफ करून घ्यायची, या आपल्याकडच्या सवयीपेक्षा रोख वीस हजार कितीतरी बरे. ज्यांना फक्त निकाहच करायचा आहे त्यांनी निकाहनाम्यावर वेळ घालवावा. छापील फॉर्मवर सह्या ठोकून मोकळे होऊ नका. दुसरे लग्न केल्यास पत्नीला तलाकचा अधिकार, शिक्षण आणि नोकरीची मोकळीक, अशा अटी लिहिता येतात. तलाक-ए-तफवीज ही जुनी, मान्य गोष्ट आहे. सुंदर अक्षरात हाताने लिहून घ्या, चौकटीत लावा, घराची शोभाही होईल. सगळ्या घरगुती हस्तकलांत ही एकच अशी आहे जी पुढे कधी कोर्टात कामाला येऊ शकते.

साधेपणाचा मुद्दा आता फक्त आपला राहिलेला नाही. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेही 2021 मध्ये आसान निकाहची मोहीम काढली, उधळपट्टी आणि जहेजविरुद्ध आवाहन केले. स्वागतच आहे. त्यांच्याशी आपले मतभेद कमी नाहीत, पण एखादा बाप मशिदीतले प्रवचन ऐकून कर्ज काढायचे थांबला तर मला काही दुःख होणार नाही. फरक कुठे पडतो ते मात्र सांगायला हवे. त्यांच्या सोप्या निकाहात खर्च कमी होतो, निर्णय पूर्वीच्याच माणसांकडे राहतात. मुलीचा कबूल अजूनही वकील आणि गवाह आत जाऊन घेऊन येतात, ती पडद्याआड असते. आपल्याला स्वस्त लग्नाबरोबर तिचा आवाज अंगणात ऐकू यायला हवा आहे.

आणि इथेच मी शीर्षकातल्या प्रश्नाकडे येते. घरचे लग्न स्वस्त पडते, ते का? हॉलवाल्याचे, केटररचे, सजावटवाल्याचे पैसे वाचतात म्हणून. पण ती कामे तर उरतातच. ती कोण करते? मी पाहिलेल्या बहुतेक 'आदर्श' घरगुती लग्नांत ती आई, भाभी, खाला आणि नवरीच्या बहिणींनी केली. चार दिवस आधीपासून कांदे, लसूण, माळा, गाद्या, पाहुण्यांचे चहा. लग्नाच्या रात्री सगळे ढोलकभोवती असताना दोघी-तिघी मोरीत देग घासत होत्या. वर्तमानपत्रात बातमी आली, 'अत्यंत कमी खर्चात आदर्श विवाह.' नवऱ्याच्या वडिलांचा हार घातलेला फोटो. देग घासणाऱ्यांचा अर्थातच नाही. हा खर्च कमी झालेला नव्हता, तो बायकांच्या कमरेवर टाकलेला होता. असल्या लग्नापेक्षा शादीखाना बरा, तिथे निदान भांडी घासणाऱ्या बाईला मजुरी मिळते.

भाचीच्या लग्नात म्हणून आम्ही मेन्यूच्या आधी कामांची यादी केली. बत्तीस कामे निघाली. प्रत्येक कामापुढे नाव लिहिले आणि नियम केला, निम्म्याहून जास्त नावे पुरुषांची हवीत, आणि 'देखरेख' हे काम धरले जाणार नाही. आमच्याकडे देखरेख करणारे भाऊ फार. खुर्चीत बसून "काही लागलं तर सांगा" म्हणतात आणि सांगितले की त्यांचा फोन येतो. यादी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवली. कांदे नवऱ्याच्या चार मित्रांनी कापले, रडत रडत, त्याचा व्हिडिओ आजही घरात फिरतो. देग घासायला मोठे दुल्हाभाई आणि माझा मुलगा होते. दुल्हाभाईंच्या अम्मींना ते पाहवले नाही, त्या उठून पदर खोचून मोरीकडे निघाल्या. त्यांना दोघी नातींनी हाताला धरून पुन्हा ढोलकपाशी बसवले. ज्या कामाला घरचा माणूस मिळाला नाही, त्याला मजुरीने माणूस लावला. पाणी भरायला आणि दुसऱ्या दिवशीची झाडलोट करायला दोन बायका होत्या, त्यांची मजुरी खर्चात धरली आहे. घरच्या बायकांच्या श्रमाची किंमत धरून हिशेब मांडला तर लग्न महाग वाटते, असे एका कार्यकर्त्याने मला सुनावले. वाटू दे. मग माणसे आणखी कमी करा, शंभर करा, साठ करा.

आंतरधर्मीय जोडप्यांबद्दल वेगळे बोलावे लागेल. त्यांच्या लग्नात खर्चाआधी जिवाचा प्रश्न असतो. नोटिशीचे तीस दिवस हे त्यांच्यासाठी सर्वांत अवघड दिवस. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये सांगितले की जोडप्याची इच्छा नसेल तर नोटीस जाहीर करण्याची सक्ती नको, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला, आपल्याकडच्या कचेऱ्यांत नोटीस फलकावर लागते. अशा जोडप्यांना मी सजावटीबद्दल काहीच सांगत नाही. आधी वकील, तीन भरवशाचे साक्षीदार, राहायची जागा, दोघांची मूळ कागदपत्रे स्वतःच्या ताब्यात. समारंभ सहा महिन्यांनी केला तरी चालतो. मुंबईत एका जोडप्याने नोंदणीनंतर वर्षाने, दोन्हीकडच्या आया बोलायला लागल्यावर, सोसायटीच्या गच्चीवर तीस जणांना जेवायला बोलावले. एका आईने पुरणपोळ्या केल्या, दुसरीने शिरखुर्मा. दोघींनी मिळून भांडी त्यांच्या नवऱ्यांना घासायला लावली, हे मला विशेष आवडले.

"लोगां क्या बोलेंगे" याचे उत्तर माझ्यापाशी नाही. बोलतील. भाचीच्या लग्नानंतर कोणी म्हणाले, बाप कंजूस आहे. कोणी म्हणाले, मुलीत काही खोट असणार. तिच्या धाकट्या बहिणीला पाहायला आलेल्या एका घराने विचारलेसुद्धा, हिचेही असेच अंगणात करणार का? ती मुलगी चहा ठेवून म्हणाली, हो, आणि कांदे तुमच्याकडच्यांना कापावे लागतील. ते स्थळ परत आले नाही.

आपल्या संघटनेकडे माझी एक मागणी आहे. जुन्या जमातींकडे अजूनही मोहल्ल्याच्या मालकीच्या देगा, पराती, ताटे असतात, कोणाच्याही घरी लग्न किंवा मयत असो, नेऊन वापरायची आणि मोजून परत आणायची. फार शहाणी व्यवस्था आहे ती. पण ज्याने जमातीला न पटणारे लग्न केले त्याला ती भांडी मिळत नाहीत. तेव्हा आपण जिल्ह्याजिल्ह्यात अशी एक पेटी करावी. चार देगा, दोनशे स्टीलची ताटे, पाण्याचे दोन पिंप, दहा सतरंज्या, कापडाच्या सजावटीचा एक गठ्ठा, ढोलक, विशेष विवाह कायद्याच्या अर्जाचे नमुने आणि चांगल्या निकाहनाम्याच्या कोऱ्या प्रती. दर लग्नाने वापरून त्यात एक वस्तू भर घालावी. साताऱ्यातल्या पेटीसाठी आमच्या घरातून दोन देगा द्यायला मी तयार आहे, ताटांचे पैसे दोन मित्रांनी कबूल केले आहेत. ठेवायची जागा आणि किल्ली सांभाळणारा माणूस हवा आहे. भांडी मोजून घेणारा हवा आणि घासून आली नाहीत तर परत पाठवणारा हवा. शक्यतो पुरुष.